बोटांना वाट शिकवू या
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



गेल्या वर्षी आपला एक माजी विद्यार्थी बंदराकडच्या एका कचेरीत चाचणीला गेला. बी.कॉम. झालेला, हिशेबात तरबेज. समोर एक्सेलमध्ये हजारभर कंटेनरांची यादी, आणि माऊस अडकणारा. यादीच्या तळाशी पोहोचण्यातच त्याची वेळ संपली. "सर, मला सगळं येत होतं," असे तो मला म्हणाला. त्याला येत होते, पण त्याच्या बोटांना येत नव्हते. ते मी त्याला शिकवले नव्हते. ही चूक मी माझ्या पदरी घेतो.

आपल्या उलव्याच्या जवळच 1989 साली सुरू झालेले जवाहरलाल नेहरू बंदर आहे. शेजारच्या विमानतळावरून डिसेंबर 2025 पासून विमाने उडू लागली. दोन्हीकडे माल हलतो तो याद्यांच्या आधारे. एकेका कंटेनरचा क्रमांक चार अक्षरे व सात आकड्यांचा असतो. अशा यादीत माऊस सरकवीत बसणारा मागे पडतो.

मित्रांनो, माऊस हा नंतर आलेला पाहुणा आहे. 1979 साली निघालेल्या व्हिजिकॅल्कमध्ये तिरप्या रेघेची कळ दाबली की आज्ञा निवडता येत. 1983 च्या लोटस वन-टू-थ्रीनेही तीच रीत ठेवली. एक्सेलमध्ये आजही ती कळ मेनूकडे नेते.

आता रीत सांगतो. ऑल्ट ही कळ दाबा आणि सोडून द्या. वरच्या पट्टीवर लहान लहान अक्षरे उमटतील. त्यातले एक दाबले की ते दार उघडते आणि आतली अक्षरे दिसू लागतात. ऑल्ट, मग एच, बी, ए दाबले की निवडलेल्या चौकटींना सर्व बाजूंनी रेघा येतात. ऑल्ट, ए, टी दाबले की फिल्टर लागतो. ऑल्ट, डब्ल्यू, एफ, एफ दाबले की मथळ्याची ओळ जागीच थांबवता येते. त्यासाठी आधी तिच्या खालच्या ओळीतल्या पहिल्या चौकटीत उभे राहावे. चुकलात तर एस्केप दाबा, एक पायरी मागे याल. एका पानात 10,48,576 ओळी मावतात. पण कंट्रोल धरून खालचा बाण दाबा, सलग भरलेल्या रकान्याच्या तळाशी क्षणात पोहोचाल.

यात घोकंपट्टी नाही. वाट पडद्यावरच लिहिलेली असते. इंग्रजी बोलताना अडखळणाऱ्या मुलालाही अक्षरओळख पुरते. ज्यांना पडदा दिसत नाही असे विद्यार्थीसुद्धा पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या आवाजावर याच कळांनी काम करतात.

पालकांना विनंती एवढीच, की मुलगा असो वा मुलगी, रोज पंधरा मिनिटे तिला कळफलकाजवळ बसू द्या. घरी संगणक नसेल तर शनिवारी शाळेच्या संगणक-खोलीत पाठवा. तेथे मी हजर असेन, आणि सगळे माऊस कपाटात असतील.