कुलूप असावं, पण किल्ली घरात असावी
(धुळे येथील कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या सत्राचा विषय कार्यक्रमपत्रिकेत 'पेनड्राइव्हचे लॉक कसे काढावे' असा छापला आहे. मघाशी चहा घेताना एका मित्राने मला विचारलं, "आपल्या चळवळीत हा विषय कुठून आला? हे तर मोबाइलच्या दुकानातलं काम." त्याला उत्तर म्हणून जळगावची एक हकिगत सांगतो. नाव सांगणार नाही, कारण त्या बाईंनी तशी अट घातली आहे.

पिंजारी समाजाचं कुटुंब. नवरा जिनिंगमध्ये हिशेबनीस होता. अतिशय टापटिपीचा माणूस. घरातले सगळे कागद त्याने स्कॅन करून एका पेनड्राइव्हमध्ये ठेवले आणि त्याला पासवर्ड घातला. नंतर एका पावसाळ्यात कागदांच्या पेटीला वाळवी लागली, तेव्हा तो बायकोला म्हणाला, "काळजी करू नकोस, सगळं यात आहे." पासवर्ड मात्र सांगितला नाही. दोन वर्षांपूर्वी तो हृदयविकाराने अचानक गेला.

मुलगी बारावी विज्ञानला होती. ओबीसीच्या जागेवर प्रवेश घ्यायचा तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी आपल्याकडे १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. आमच्या तडवी बांधवांना तर ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा शोधावा लागतो. या घरात तसा पुरावा एकच होता, मुलीच्या आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. मूळ दाखला वाळवीने खाल्लेला. त्याची प्रतिमा पेनड्राइव्हमध्ये. आणि पेनड्राइव्हला कुलूप.

आता पुढे काय झालं ते लक्ष देऊन ऐका. इद्दतीचे चार महिने दहा दिवस ती बाई घरात होती. तेवढ्या काळात पेनड्राइव्ह आधी दिराच्या हातात गेला, मग शेजारच्या मुलाच्या, मग एका दुकानात. शेजारच्या मुलाने इंटरनेटवरून कुलूप तोडण्याचं एक फुकट सॉफ्टवेअर उतरवलं. कुलूप तुटलं नाही, त्याचा संगणक मात्र बिघडला. दुकानदार म्हणाला, "पाचशे रुपयांत उघडून देतो." सुदैवाने दिराने विचारलं, "आतलं सगळं राहील ना?" दुकानदार म्हणाला, "नाही, आतलं जाईल. पण पेनड्राइव्ह नव्यासारखा होईल." फॉरमॅट करण्यालाच तो उघडणं म्हणत होता. दीर पेनड्राइव्ह परत घेऊन आला, म्हणून ही हकिगत मला सांगता येते.

तो माझ्याकडे आला तेव्हा मी आधी तपासलं, हे कुलूप कोणत्या जातीचं आहे. कारण 'पेनड्राइव्ह लॉक झाला' असं आपण सरसकट म्हणतो, पण त्या एका वाक्यात निदान चार वेगवेगळे प्रकार असतात.

पहिला प्रकार, पेनड्राइव्ह उघडतो, आतलं वाचता येतं, पण नवीन काही ठेवता येत नाही की जुनं पुसता येत नाही. 'राइट प्रोटेक्टेड' असा संदेश येतो. काही पेनड्राइव्हच्या कडेला बारीकसा खटका असतो, तो सरकवला की काम होतं. खटका नसेल तर विंडोजमध्ये डिस्कपार्ट नावाच्या साधनातून 'केवळ वाचनासाठी' ही खूण काढता येते. मात्र तिथे जपून. त्याच साधनात 'क्लीन' अशीही आज्ञा आहे. ती साफसफाईची वाटते, पण पेनड्राइव्ह मोकळा करून टाकते. शिवाय जुना झालेला, झिजलेला पेनड्राइव्ह कधी कधी स्वतःच लिहून घेणं थांबवतो. ती त्याची अखेरची सूचना समजा. खूण काढण्याच्या मागे लागू नका, आधी आतलं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या.

दुसरा प्रकार, पेनड्राइव्ह रिकामा दिसतो किंवा नुसते शॉर्टकट दिसतात, पण जागा भरलेली दाखवतो. हे बहुतेक वेळा झेरॉक्सच्या दुकानातून आलेल्या व्हायरसचं काम असतं. त्याने फाइली लपवलेल्या असतात. शॉर्टकटवर क्लिक न करता आधी अँटिव्हायरस चालवायचा आणि मग लपवलेल्या फाइली दाखवण्याची सोय चालू करायची. बहुधा सगळं जागेवर सापडतं.

तिसरा प्रकार, पेनड्राइव्ह खुला असतो, आतल्या एखाद्या फाइलीला पासवर्ड असतो. आपल्या घरात याचं रोजचं उदाहरण म्हणजे ई-आधारची पीडीएफ. तिचा पासवर्ड ठरलेला आहे: इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं मोठ्या लिपीत आणि पुढे जन्मसाल. त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

चौथा प्रकार खरं कुलूप. जळगावच्या पेनड्राइव्हला तेच होतं, विंडोजचं बिटलॉकर. यात फाइली कपाटात ठेवून दार लावलेलं नसतं. फाइलींचा प्रत्येक अंश गणिताने उलटापालटा केलेला असतो. १२८ बिटांच्या किल्लीच्या शक्यता मोजायच्या तर ३४ वर ३७ शून्यं द्यावी लागतील. पासवर्डचा अंदाज करावा म्हटलं, तर प्रत्येक अंदाज तपासायला संगणकाला दहा लाखांवर फेऱ्या कराव्या लागतात. म्हणून 'दोन मिनिटांत कुलूप तोडा' अशी जाहिरात दिसली की समजा, समोरच्याला एकतर विषय कळत नाही, किंवा त्याला तुमच्या संगणकात शिरायचं आहे.

पण हे कुलूप लावताना विंडोज एक गोष्ट आग्रहाने सांगतं. पासवर्ड विसरलात तर उपयोगी पडेल अशी ४८ आकड्यांची एक किल्ली ते बनवतं, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. ती छापून घ्या, फाइल म्हणून ठेवा किंवा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवा, असं विचारतं. ही किल्ली कुठेतरी जतन केल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. म्हणजे प्रश्न कुलूप तोडण्याचा नव्हता, किल्ली शोधण्याचा होता.

मी दिराला म्हटलं, "मला भाभींशी बोलायचंय." तो म्हणाला, "तिला यातलं काय समजणार?" मी म्हटलं, "विचारून तर पाहू."

भाभी आल्या. मी त्यांना संगणकाचं काहीच विचारलं नाही. एवढंच विचारलं, "भाभी, त्यांनी हे कुलूप लावलं त्या दिवशी तुम्ही घरात होतात का? काय बोलले आठवतंय?" त्या लगेच म्हणाल्या, "हो भाई, मी बाजूला भाजी निवडत बसले होते. बरेच आकडे आले होते. ते म्हणाले, कम्प्युटरमध्ये ठेवून देतो, पुढेमागे लागले तर." तो कम्प्युटर कुठे आहे? तो दिराने इथे धुळ्याला भाच्याला देऊन टाकला होता. त्याच संध्याकाळी आम्ही धुळ्याची गाडी पकडली. भाच्याने संगणकात गेम भरले होते, पण जुन्या फाइली पुसल्या नव्हत्या. डॉक्युमेंट्समध्ये रिकव्हरी की नावाची फाइल होती. पेनड्राइव्हच्या पडद्यावर जी ओळखखूण दिसत होती, तीच त्या फाइलीत. ४८ आकडे टाकले आणि पेनड्राइव्ह उघडला.

मित्रांनो, पाच महिने चार पुरुष त्या कुलपाशी झटत होते. किल्लीचा पत्ता घरातल्या बाईला ठाऊक होता. तिला कुणी विचारलंच नाही. इद्दतीत बाईने घराबाहेर पडावं की नाही, यावर आपल्यात चर्चा होतात. पण घरातल्या घरात तिला कागदांबद्दल एक प्रश्न विचारायला कोणत्याही मजहबची आडकाठी नव्हती. आडकाठी आपल्या सवयीची होती.

आणखी एक सांगतो, म्हणजे गैरसमज नको. नुसत्या प्रतिमेवर पडताळणी होत नाही, समिती मूळ किंवा साक्षांकित कागद मागते. पण त्या प्रतिमेवर शाळेचं नाव आणि जनरल रजिस्टरचा क्रमांक होता. तो घेऊन भाभी स्वतः शाळेत गेल्या आणि उतारा मिळवला. पेनड्राइव्हने कागद दिला नाही, कागदाचा पत्ता दिला. म्हणूनच, समजा एखादा पेनड्राइव्ह उघडलाच नाही, तरी सगळं संपलं असं समजू नका. शाळेचं रजिस्टर, तहसीलमधला जन्ममृत्यूचा जुना गाव नमुना, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, भूमी अभिलेखातले फेरफार, हे सगळं सरकारी दप्तरात असतं. दप्तर दाद देत नसेल तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे, आणि ३० दिवसांत उत्तर देण्याचं बंधन आहे.

१८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा विधानभवनावर नेला, तेव्हा मागणी तोंडी तलाक बंद करण्याची होती. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला २२ ऑगस्ट २०१७ उजाडलं. हक्क मिळायला ५१ वर्षं लागली. पण आजही मी घराघरांत विचारतो, "भाभी, तुमचा निकाहनामा कुठे आहे?" उत्तर येतं, "त्यांच्याकडे." मेहेर किती लिहिला? "त्यांना माहीत." हक्क कागदावर आला, कागद कपाटात गेला आणि कपाटाची किल्ली एकाच खिशात राहिली. पूर्वी ती किल्ली लोखंडी होती, आता ती पासवर्ड झाली, एवढाच फरक.

हे घरापुरतंच आहे असंही नाही. ६ जून २०२५ ला वक्फच्या मिळकतींसाठी उमीद पोर्टल सुरू झालं आणि माहिती भरायला सहा महिन्यांची मुदत मिळाली. मशिदीची, कब्रस्तानाची कागदपत्रं एकाच विश्वस्ताच्या पेनड्राइव्हमध्ये असतील आणि पासवर्ड त्यालाच ठाऊक असेल, तर मुदत त्याच्यासाठी थांबत नाही. जमातीचे कागद ही अमानत आहे. अमानतीची किल्ली निदान दोघांकडे असावी.

धुळ्यात उभा राहून बोलतोय, म्हणून एक गोष्ट टाळता येत नाही. ६ जानेवारी २०१३ ला या शहरात दंगल झाली. पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुण गेले. त्यानंतर लोकांनी मोबाइलवर घेतलेलं चित्रीकरण पुढे आलं, त्यात काही पोलीस मोडतोड करताना, सामान उचलताना दिसत होते, आणि त्यावरून काही पोलिसांना अटकही झाली. सामान्य माणसाच्या हातातल्या चित्रीकरणाचं मोल काय असतं, हे धुळ्याला वेगळं सांगायला नको.

पण ते मोल टिकवावं लागतं. जालन्याच्या निवडणुकीवरून गेलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० ला स्पष्ट केलं की, इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत द्यायची तर कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र लागतं. मूळ उपकरणच मालकाने न्यायालयात हजर केलं तर ते लागत नाही. जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे आणि त्यातल्या प्रमाणपत्रात फाइलीची हॅश नोंदवावी लागते. हॅश म्हणजे फाइलीच्या अंगठ्याचा ठसा समजा. आत एक टिंब बदललं तरी ठसा बदलतो. म्हणून प्रसंग चित्रित केलात तर मूळ फोन किंवा कार्ड जपा, क्लिप कापू नका. नुसतं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून मूळ पुसू नका, तिकडे व्हिडिओ दाबून लहान केला जातो. आणि पेनड्राइव्हला कुलूप लावून वकिलाकडे दिलात, तर पासवर्ड वेगळ्या पाकिटात द्या.

कुणी म्हणेल, एवढी भानगड आहे तर कुलूपच नको. तसं नाही. पेनड्राइव्ह रिक्षात राहतो, झेरॉक्सच्या दुकानात राहतो. त्यात आपल्या बँकेचे कागद असतात, मुलींचे फोटो असतात. कुलूप हवंच.

म्हणून इथून घरी गेल्यावर आजच एवढं करा. महत्त्वाचे कागद दोन ठिकाणी ठेवा, पेनड्राइव्ह हे एकमेव घर नको. ४८ आकड्यांची किल्ली कागदावर छापून घ्या आणि ती पेनड्राइव्हबरोबर न ठेवता वेगळी ठेवा. घरात कुणी गेलं तर त्याचं सिम लगेच बंद पडू देऊ नका, कारण खात्यांचे ओटीपी त्यावर येतात, आणि बंद झालेला नंबर पुढे दुसऱ्याला दिला जातो. फॉरमॅट करू का, असा संदेश आला तर 'नाही' म्हणा आणि जाणकाराला विचारा. आणि शेवटचं, पण माझ्या दृष्टीने पहिलं: आज रात्री जेवताना बायकोला, आईला, मुलीला पासवर्ड सांगा. नुसता सांगू नका, त्यांच्या हाताने एकदा उघडून घ्या.

त्या मुलीला वैधता प्रमाणपत्र मिळालं. आता ती फार्मसीला आहे. त्या घरात नवा पेनड्राइव्ह आला आहे, त्यालाही कुलूप आहे. पासवर्ड भाभींनी स्वतः ठरवला. मी विचारला नाही, त्यांनी सांगितला नाही. मुलीला मात्र तो माहीत आहे.