सूट किती नको, एकूण किती ते सांगा

टोमॅटोच्या हंगामात आमच्या नारायणगावच्या बाजाराबाहेर क्रेट भरलेल्या पिकअपची रांग लागते. रांगेत उभं राहिलं की गप्पा होतातच, आणि त्यात गाडीचा विषय हमखास निघतो. कोणी सांगतो, "मी वीस हजार सोडवून घेतले." दुसरा सांगतो, "मला तीस हजार सोडले." गाडी दारात येईपर्यंत एकूण कितीला पडली, हे मात्र कोणी सांगत नाही, कारण बहुतेकांनी ती बेरीज केलेलीच नसते. मीही केली नव्हती.

माझी पहिली पिकअप मी २०१३ साली घेतली, अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर. त्या दिवशी शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. जिथे गिऱ्हाईक रांग लावून उभं आहे, तिथे दुकानदार भाव कशाला कमी करील, एवढं साधं गणित मला तेव्हा सुचलं नाही. विक्रेत्याने कानाशी येऊन सांगितलं, "दादा, खास तुमच्यासाठी पंधरा हजार कमी करतो." वर ताडपत्री, सीट कव्हर आणि डॅशबोर्डवर बसवायला गणपती. मी खूश. मग बिलात 'हँडलिंग' म्हणून एक रक्कम आली, 'फाइल चार्ज' म्हणून दुसरी, विमा त्यांचाच, कर्जही त्यांनीच करून दिलं. पेढे वाटले आणि गाडी घेऊन आलो.

बारा वर्षांनी ती गाडी विकायला काढली. घेणाऱ्याने आरसी बुक उघडलं आणि म्हणाला, "काका, ही तर २०१२ची आहे." पाहतो तर खरंच, उत्पादन ऑगस्ट २०१२. म्हणजे नऊ महिने आवारात उभी असलेली गाडी मी नवी म्हणून, नव्याच्या भावाने घेतली होती. बारा वर्षं ते पुस्तक गाडीच्या कप्प्यात होतं. पोलिसांना दाखवलं, स्वतः वाचलं नाही.

त्यामुळे २०२५ साली पुतण्याने नवी पिकअप घ्यायचं काढलं तेव्हा मी म्हटलं, या वेळी वही-पेन घेऊन जाऊ. पितृपक्षातच निघालो. या पंधरवड्यात आपल्याकडे फारसं कोणी गाडी घेत नाही, शोरूम रिकामी असते आणि विक्रेता आपल्याशी बसून बोलतो. गाडी पितृपक्षात घरी आणायची नसेल तर नका आणू. भाव ठरवायला कोणाची हरकत आहे? महिनाअखेर आणि मार्चअखेर हेही दिवस चांगले, कारण त्यांना विक्रीचा आकडा गाठायचा असतो.

त्या वर्षी मात्र आणखी एक गोष्ट झाली. मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के होणार, असं सप्टेंबरच्या सुरुवातीला जाहीर झालं. तो बदल २२ सप्टेंबरपासून, म्हणजे नेमका घटस्थापनेपासून लागू होणार होता. आम्ही पाहत होतो त्या गाडीची कराआधीची किंमत सात लाख. २८ टक्क्यांनी ती ८ लाख ९६ हजार होत होती, १८ टक्क्यांनी ८ लाख २६ हजार. सत्तर हजारांचा फरक. विक्रेता म्हणाला, "काका, सत्तर हजार कमी झाले, आता आणखी काय सोडू?" मी म्हटलं, "बाळा, ते सत्तर हजार सरकारने सोडले. तू काय सोडतोस ते सांग." तो हसला. ऑगस्टमध्ये पुतण्या एकटा चौकशीला गेला होता तेव्हा हेच दुकान पस्तीस हजार सोडायला तयार होतं. कर उतरायची बातमी आली आणि त्यांची सूट गुपचूप शून्यावर आली होती. (जीएसटी नोंदणी असलेल्या वाहतूकदाराला मालवाहू गाडीवर भरलेल्या कराची वजावट मिळू शकते. त्याने आपल्या हिशेबनिसाला विचारावं. आमच्यासारख्या नुसता शेतमाल विकणाऱ्याला ती मिळत नाही.)

बरीच ओढाताण झाल्यावर तो तीस हजारांवर आला. अट एकच, कर्ज त्यांच्या फायनान्स कंपनीकडून घ्यायचं. व्याज फक्त ७ टक्के! आमच्या बँकेने साडेदहा टक्के सांगितलं होतं. पुतण्या टेबलाखालून माझा गुडघा दाबायला लागला. सात कुठे आणि साडेदहा कुठे!

इथे जरा सावकाश ऐका, कारण २०१३ साली मी याच ठिकाणी फसलो होतो. सहा लाख कर्ज, चार वर्षं मुदत. हे ७ टक्के 'फ्लॅट' असतात. म्हणजे पूर्ण सहा लाखांवर चारही वर्षं व्याज. वर्षाला ४२ हजार, चार वर्षांचे १ लाख ६८ हजार. मुद्दल धरून ७ लाख ६८ हजार, भागिले ४८ हप्ते, महिन्याला बरोबर १६ हजार रुपये. आता बघा, दोन वर्षं हप्ते भरल्यावर मुद्दल जवळजवळ निम्मं फिटलेलं असतं, पण व्याज अजून सगळ्या सहा लाखांवरच चालू असतं. बँकेचं साडेदहा टक्के व्याज उरलेल्या मुद्दलावर, म्हणजे घटत्या शिलकीवर. त्याचा हप्ता बसतो सुमारे १५ हजार ३६०. महिन्याला जवळजवळ ६४० रुपयांचा फरक, ४८ महिन्यांचे साडेतीस हजारांच्या वर. विक्रेत्याने एका हाताने तीस हजार दिले आणि दुसऱ्या हाताने तेवढेच काढून घेतले. घटत्या शिलकीच्या हिशेबाने त्याचे ७ टक्के म्हणजे साडेबारा टक्क्यांहून जास्त.

तेव्हा टक्के विचारूच नका. कर्ज किती, हप्ता किती, हप्ते किती, एवढंच विचारा आणि गुणाकार करा. फाइलचा खर्च आणि मुदतीआधी कर्ज फेडल्यास दंड किती, हेही लिहून घ्या. टोमॅटोच्या धंद्यात हप्त्यातले सहाशे रुपये लहान नसतात. क्रेटला तोडणीची मजुरीही सुटत नाही असे आठवडे आम्ही पाहिलेत, आणि त्या आठवड्यातही हप्त्याची तारीख पुढे सरकत नाही.

बाकीची कलमं भराभर सांगतो. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे अशी सक्ती कोणालाही करता येत नाही. त्यातला तृतीय पक्षाचा हप्ता ठरलेला असतो, तो सगळीकडे सारखाच. फरक पडतो तो आपल्या गाडीच्या नुकसानीच्या भागात. आम्हाला दुकानातून ४७ हजारांचा विमा सांगितला होता. गाडीची विमा-किंमत तेवढीच ठेवून बाहेर तो ३८ हजारांत मिळाला. 'हँडलिंग' साडेआठ हजार लावलं होतं. मी विचारलं, "हे कोणत्या सरकारी खात्यात भरता? पावती दाखवा." ते कलम खोडलं गेलं. नंबर पाटीचे बाराशे वेगळे लावले होते. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला सुरक्षा नंबर पाटी गाडीबरोबरच मिळते, तिची किंमत गाडीच्या किमतीत धरलेली असते. तेही खोडलं. आरटीओचा कर आणि फी मात्र जी असेल ती भरायचीच, तिथे घासाघीस नाही. पण पावती मागून घ्या.

पैसे भरायच्या आधी चासी नंबर मागा. सतरा अक्षरांतलं दहावं अक्षर बहुतेक कंपन्या वर्षासाठी वापरतात. 'आर' असेल तर २०२४, 'एस' असेल तर २०२५. पुढे विक्रीचा दाखला, म्हणजे फॉर्म २१, हातात येतो, त्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहिलेलं असतं. आदल्या वर्षीची गाडी वाईटच असते असं मी म्हणणार नाही. बारा वर्षं वापरायची असेल आणि भाव खरंच चांगला उतरवला असेल तर घ्यावी. पण माहीत असून घ्यावी, माझ्यासारखी नव्हे.

पुतण्याला आणखी मोठी गाडी हवी होती. ज्या गाडीचं मालासकट एकूण वजन ३ हजार किलोंच्या आत असतं, तिला परमिट लागत नाही. त्याच्या वर गेलं की परमिट आलं, त्याचा खर्च आणि खेपा आल्या. आमचा माल रोजचा पन्नास क्रेट, क्रेट वीस किलोंच्या आसपास. एक टन नेण्यासाठी दोन टनांची गाडी घ्यायची, तर तीस हजारांची सूट काय कामाची? यावर घरात दोन दिवस अबोला होता.

शेवटी आम्ही एका कागदावर सगळी कलमं ओळीने लिहिली आणि तोच कागद तीन दुकानांत फिरवला. प्रत्येकाला सांगितलं, सूट किती ते नको, शेवटची ओळ भरा आणि शिक्का मारा. तीस हजार सोडणारं दुकान त्यात दुसरं आलं. अठराच हजार सोडणारं, पण बँकेचं कर्ज आणि बाहेरचा विमा मुकाट्याने मान्य करणारं दुकान पहिलं आलं. बिल घटस्थापनेनंतर केलं, गाडी दसऱ्याला दारात आली.

त्या दुकानाने सीट कव्हर मात्र दिलं नाही. ते बाजारातून पदरचे पैसे घालून घ्यावं लागलं, आणि त्याचं पुतण्याला अजून वाईट वाटतं.