शिंग नव्हे, शिंगाचं मूळ

नरखेड, मोवाड, जलालखेड्यापासून आलेल्या डॉक्टर बंधू-भगिनींनो,

अध्यक्षपद दिलंत, आभारी आहे. माझ्याहून योग्य माणसं समोर बसली आहेत असं म्हणायची रीत आहे. ती पाळली असं समजा.

संयोजकांनी ग्रामीण भागातल्या त्वचारोगांचा आढावा घ्यायला सांगितलं आहे. घेतो. घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी औषध दिल्याशिवाय खरूज हटत नाही, आणि आपण स्टेरॉइडच्या ट्यूबा लिहीत राहू तोवर गजकर्ण हटणार नाही. झाला आढावा. आता तीस वर्षं पोटात ठेवलेलं बोलतो.

दवाखाना नवा होता तेव्हा पोळ्याच्या आधी एक म्हातारे शेतकरी आले. उजव्या कानाच्या पाळीवर शिंग. करंगळीच्या पेराएवढं, बोकडाच्या शिंगासारखं वाकडं. म्हणाले, "दुखत काई नाही जी, पर दुपट्टा अडकते. कापून टाका, नाही तं पोळ्याले पोट्टे मलेबी रंगवतीन." दोघंही हसलो. मी भूल दिली, शिंग कातडीलगत छाटलं आणि बादलीत टाकलं.

त्याच हिवाळ्यात त्यांचा बैल डोकं झटकू लागला. शिंग खांबाला घाशी, मग ते एका बाजूला कललं. म्हाताऱ्यानं आठवडा लावला नाही, पशुवैद्यक आणला. आपल्याकडच्या बैलांत शिंगाचा कर्करोग जुनाच आहे. वरचं कठीण टरफल निरोगी दिसतं आणि आतलं मऊ अस्तर सडत असतं. पशुवैद्यकानं शिंग मुळापासून काढलं. एका शिंगाचा तो बैल पुढं कित्येक हंगाम वखराला चालला. मालक मात्र वर्षभरानं आले ते कानाखाली सुपारीएवढी गाठ घेऊन. नागपूरला पाठवलं, उशीर झाला होता. पुढचा मृग त्यांनी पाहिला नाही.

बैलाचं शिंग मुळापासून निघालं. मालकाचं मी वरून छाटलं. माझी तक्रार आधी माझ्यावर आहे, मग तुमच्यावर.

माणसाच्या शिंगात हाड नसतं. नखाचं जे केराटिन, तेच थरावर थर साचून शिंग होतं. हा काही स्वतंत्र रोग नाही. मुळाशी काय आहे त्याची ती खूण. मुळाशी चामखीळ असू शकते, उन्हानं बिघडलेली कातडी असू शकते किंवा स्क्वेमस पेशींचा कर्करोग. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ६४३ शिंगांच्या अभ्यासात ३९ टक्क्यांच्या मुळाशी कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था सापडली. राहिलेली बहुसंख्य निरुपद्रवी होती, हे खरं. पण ती निरुपद्रवी होती हे मूळ तपासल्यावरच कळलं!

सकाळच्या सत्रात शिंगाच्या उंचीवर वाद रंगला. पॅरिसच्या एका म्हातारीच्या कपाळावर सुमारे २५ सेंटिमीटरचं शिंग होतं. जगभर त्याची चित्रं फिरली. माझ्या म्हाताऱ्याचं पेराएवढंच होतं. उंचीला भिऊ नका. बूड रुंद, घट्ट, लालसर किंवा दुखरं असेल तर भ्या. आणि यातलं एकही लक्षण नसलं तरी मूळ तपासायला पाठवा.

त्याच सत्रात एक मित्र म्हणाले, त्वचेचा कर्करोग हा गोऱ्या लोकांचा आजार. आपल्यात कमी होतो, मान्य. पण टाटा मेमोरियलचे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली धोतराच्या काचानं कमरेला होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली, ती कोणत्या गोऱ्यांत? भाजल्याच्या जुन्या वणात उठणारा कर्करोग आपल्या चुलीपाशी आणि शेतातही असतो. संत्र्याच्या बागेत जन्म घालवलेला माझा म्हातारा काळाच होता. त्याच्या कानानं आपली पुस्तकं वाचली नव्हती.

लोक बिबा लावतात, घोड्याच्या केसानं चामखीळ आवळतात. त्यांना आपण हसतो. त्यांच्याकडे निदान नमुना पाठवायची बाटली नसते. आपल्याकडे असून आपण तुकडा फेकतो. वर सांगतो, तपासणीचा खर्च रोग्याला झेपत नाही. त्याला आपण विचारलं होतं का?

करायचं काय? १० टक्के फॉर्मेलिनच्या बाटल्या तालुक्यात एका ठिकाणी ठेवाव्यात आणि नागपूरच्या गाडीनं नमुने पाठवायची काही व्यवस्था लावावी, असं मनात आहे. खर्चाचंही बघू. कोणी, कधी, ते जेवणानंतर बसून ठरवू. पशुवैद्यक मित्रांनाही पुढच्या वेळी बोलवू. त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

ठराव होवो न होवो, एवढं तरी घरी घेऊन जा. शिंग केवढंही असो, ते मुळासकट काढा. आपल्याच्यानं होत नसेल तर हात न लावता पुढं पाठवा. काढलेला तुकडा बादलीत नाही, बाटलीत टाका.