कूलरचें गवत

फाल्गुन सरत आला, बिंदुसरेचें पात्र कोरडें पडलें, कीं बीड शहरांत रस्त्याच्या कडेला एक निराळाच माल दिसूं लागतो. पिंवळसर किसाच्या फुगीर गाद्या दोरीला टांगलेल्या असतात. शेजारीं वाळ्याच्या जुड्या, आणि पलीकडे पाण्याचे लहान पंप. गेल्या पावसाळ्यापासून खिडकींत तसाच राहिलेला कूलर पुन्हां चालू करावयाचा, तर त्याचें गवत बदललें पाहिजे, हें आतां घरोघरीं ठाऊक झालें आहे. मात्र सणापूर्वीच्या झाडलोटीप्रमाणें हें काम घाईनें उरकलें जातें, आणि त्यांत चूक झाली तर केवळ गारवा न मिळण्यावर भागत नाहीं.

बाजारांत ज्याला सर्रास गवत म्हणतात, तें वस्तुतः गवत नव्हे. मऊ लांकडाचा यंत्रानें काढलेला तो लांब, बारीक कीस असतो. खरें गवत म्हणावयाचें तर वाळा. आणि तेथेंही उपयोगाचीं असतात तीं त्याचीं सुगंधी मुळें. वाळ्याच्या ताट्या दाराखिडक्यांना लावून त्यांवर पाणी शिंपडण्याची रीत या देशांत फार जुनी आहे. अकबराच्या काळच्या ऐन-इ-अकबरींत वाळ्यानें गार केलेल्या खोल्यांचा उल्लेख सांपडतो. त्या काळीं पाणी शिंपडावयास माणूस लागे. आज तें काम पंप करतो आणि वारा पंखा ओढतो. बाकी तत्त्व तेंच.

हें तत्त्व प्रत्येक घरच्या माठांत आहे. एक लिटर पाणी वाफ होऊन उडून जावयास जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेंत सुमारें आठ लिटर पाणी साध्या तपमानापासून उकळीस येईल. ही उष्णता गवतांतून जाणाऱ्या हवेंतून घेतली जाते, म्हणून हवा गार होते. हवा जितकी कोरडी, तितका गारवा अधिक. बाहेर ४२ अंश सेल्सिअस ऊन आणि हवेंतील आर्द्रता शेंकडा २० असेल, तर चांगल्या स्थितींतील कूलर २७-२८ अंशांची हवा देऊं शकतो. कोंकणांतील दमट हवेंत हेंच यंत्र जवळजवळ निरुपयोगी ठरतें. गेवराई-माजलगांवकडील गंगाथडीला मात्र, जेथें वैशाखांत वारासुद्धां भट्टींतून आल्यासारखा लागतो, तें खरें कामाचें. एवढें असूनही पुष्कळ लोक गारवा बाहेर जाईल या भीतीनें समोरची खिडकी लावून घेतात. मग ओलसर हवा आंतच कोंडते, अंगाला चिकचिक सुटते, आणि दोष बिचाऱ्या गवताला लागतो!

गवत बदलावें कां लागतें? दख्खनच्या काळ्या खडकांतून आलेलें विहिरीचें वा बोअरचें पाणी बहुधा जड असतें. पाणी उडून जातें, त्यांतील क्षार मागें राहतात. महिना-दोन महिन्यांत किसावर पांढरें कवच चढतें. त्यांत रस्त्याची धूळ बसते, कारण हें गवत नकळत गाळणीचेंही काम करीत असतें. पुढें तें कुजतें, वास येऊं लागतो, आणि ओलें होऊन खालीं दबतें. हें दबणें सर्वांत वाईट. वरच्या बाजूस चार बोटें फट पडली, तर जिकडे वाट मोकळी तिकडून वारा शिरणार. म्हणजे तापलेली कोरडी हवा सरळ खोलींत! म्हणून नवें गवत भरतांना तें हातानें मोकळें करावें, कोपऱ्यांतून नीट बसवावें, पण ठांसूं नये. वरच्या पन्हळीचीं भोकें तारेनें साफ केल्याशिवाय जाळी लावूंच नये. नाहींतर नव्या गवताचा अर्धा भाग कोरडाच राहील. पोळ्यासारख्या कागदी जाळ्या अधिक टिकतात, पण महाग पडतात आणि क्षारांपासून त्यांचीही सुटका नाहीं.

आतां मुख्य गोष्ट. बीडमधील एका घरीं नात जाळी काढावयास बसली होती. आजी दारांतून म्हणाली, “अगं, आधीं पिन काढ.”

“बटन बंद आहे कीं, आजी.”

“असूं दे. पिन काढ अन् माझ्या हातांत दे.”

आणि जाळ्या उतरून, धुवून, भरून पुन्हां लागेपर्यंत म्हातारी ती पिन मुठींत धरून बसून राहिली. त्या गल्लींतला एक कर्ता मुलगा कूलरमध्यें पाणी ओततांना गेला होता. तें तिनें पाहिलें होतें.

आजीचा हट्ट शास्त्राला धरून होता. वायरिंग चुकीचें असेल तर बटण बंद असूनही तारेंत वीज राहूं शकते. पंपाचें आवरण फुटलें कीं टपांतील पाणी आणि पत्र्याचें अंग दोन्ही जिवंत होतात. त्यांत पाय अनवाणी, फरशी ओली. उन्हाळ्यांत मराठवाडा-विदर्भाच्या वर्तमानपत्रांतून अशा मृत्यूंच्या बातम्या येतात, त्यांत बहुधा लहान मुलें किंवा घाईंत असलेल्या गृहिणी असतात. तीन पिनांचा प्लग, नीट अर्थिंग, आणि गळती ओळखून प्रवाह तोडणारें यंत्र यांस जो खर्च येतो, तो नव्या कूलरच्या मानानें थोडा आहे. तो करावयाचा नसेल त्यानें आजीसारखा एक माणूस तरी पिन धरून बसवावा.

जाळी काढलेलीच असते, तेव्हां टप घासून घ्यावा. डेंग्यू पसरविणारा डांस अशाच सांठलेल्या पाण्यांत वाढतो. त्याचीं अंडीं पाण्याच्या कांठाला भिंतीस चिकटतात आणि कोरड्या टपांतही महिनोन्महिने जिवंत राहतात. नुसतें पाणी ओतून टाकल्यानें तीं जात नाहींत. अंड्यापासून डांस होण्यास सुमारें ७ ते १० दिवस लागतात, म्हणून हंगामभर आठवड्यांतून एकदां टप रिकामा करून घासणें अवश्य.

येथें बीडकर गृहिणी थांबेल, आणि तिचें थांबणें रास्त आहे. मध्यम कूलर कडक उन्हांत ताशीं आठ-दहा लिटर पाणी पितो. २०१२-१३ आणि २०१५-१६ या दुष्काळी वर्षांत ज्यांनीं टँकरपुढें घागरी मांडल्या, त्यांना हा हिशेब शिकवावयास नको. पण टपाच्या तळाचें क्षारांचें पाणी अंगणांतील निंबाला घालतां येतें, आणि स्वच्छ गवतावर कूलर थोडा वेळ चालला तरी खोली निवते. कुजक्या गवतावर तो रात्रभर चालतो, पाणी तेवढेंच संपतें, आणि झोंप कोणालाच लागत नाहीं.

मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली, म्हणजे या यंत्राचें वर्षाचें काम संपतें. तेव्हां पिन काढून, पाणी उपसून, टप घासून पुसून कोरडा करावा, जुनें गवत टाकून द्यावें, आणि तार उंदरांच्या तोंडीं लागणार नाहीं अशी गुंडाळून वर ठेवावी.