उघड्या मुळांचा गुलाब



गुलाबावर बोला, असें मला सांगण्यांत आलें तेव्हां प्रथम जरा हंसूंच आलें. मी ज्या राळेगणसिद्धींत राहतों तें गांव अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यांत, पर्जन्यछायेच्या प्रदेशांत वसलें आहे. वर्षाकाठीं ४०० ते ५०० मिलिमीटर पाऊस, तोहि लहरी. १९७५ नंतर श्री. अण्णा हजारे यांच्या पुढाकारानें गांवकऱ्यांनीं उतारावर चर खणले, नाल्यांस बांध घातले, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळली, उसासारखीं तहानलेलीं पिकें दूर ठेवलीं. तेव्हां कोठें विहिरींना पाणी आलें. अशा गांवांत पाण्याचा हिशेब लहानथोरांच्या जिभेवर असतो. मीं अंगणांत गुलाबासाठीं खड्डा खणावयास घेतला, तेव्हां १९७२ चा दुष्काळ पाहिलेले शेजारचे एक वृद्ध गृहस्थ कुंपणाशीं थांबून म्हणाले, "मास्तर, फुलाला पाणी पाजण्याइतके श्रीमंत आपण केव्हां झालों?" त्या दिवशीं मला उत्तर सुचलें नाहीं.

उघड्या मुळांचें रोप म्हणजे काय, हें आधीं सांगितलें पाहिजे. आपल्याकडे गुलाबाचें रोप बहुधा मातीच्या गोळ्यासह किंवा पिशवींत मिळतें. परंतु दूरच्या रोपवाटिकेहून मागविलें तर मातीचें ओझें धाडणें परवडत नाहीं. म्हणून रोप जमिनींतून काढून, मुळें झाडून, ओल्या शेवाळांत किंवा गोणपाटांत गुंडाळून पाठवितात. विलायतेसारख्या थंड देशांत ही रीत सर्रास आहे, कारण तेथें हिंवाळ्यांत गुलाबाचीं पानें झडतात व झाड निजतें. निजलेल्या झाडास उचलून दुसरीकडे ठेवलें तरी त्याला फारसें कळत नाहीं. आपल्या दख्खनमध्यें गुलाब कधींच पुरता निजत नाहीं. तो जागेपणींच उपटला जातो. मुळांच्या टोकांवरील केसांसारखे तंतु पाणी शोषतात, आणि उपटतांना नेमके तेच तुटतात. वर पानें मात्र वाफ टाकीतच असतात. मिळकत बंद व खर्च चालू, अशी त्या रोपाची स्थिति होते. पुढें जें जें करावयाचें तें सारें हा खर्च आटोक्यांत ठेवण्यासाठींच.

पहिल्या वर्षीं मीं सहा रोपें मागविलीं. पार्सल वाटेंत चार दिवस राहिलें, तें एक असो; पण घरीं आल्यावर तें न उघडतां ओट्यावर ठेवण्याचा आळस सर्वस्वीं माझा. घरांत पाहुणे होते. दुसऱ्या दिवशीं दुपारीं सोडून पाहिलें, तों मुळें सुतळीसारखीं वाळलेलीं. तरीहि लावलीं. आठ दिवसांनीं फांद्यांवर तांबूस कोंब आले. आमच्या सौभाग्यवतींनीं शेजारणींना बोलावून दाखविले. पंधराव्या दिवशीं त्या कोंबांनीं माना टाकल्या. फांदींत सांठलेल्या अन्नपाण्यावर ते फुटले होते; मुळांचा त्यांत कांहींच भाग नव्हता. सहांपैकीं एकहि रोप जगलें नाहीं. नवशिक्यानें म्हणून कोंब दिसतांच हुरळून जाऊं नये. महिना उलटून पानें पुरतीं उघडलीं व दुपारच्या उन्हांतहि ताठ राहिलीं, म्हणजे रोपानें मूळ धरलें असें समजावें.

दुसऱ्या वर्षीं दोनच रोपें मागविलीं, आणि तीं आश्विनांत, पावसाचा जोर सरल्यावर. पार्सल हातीं येतांच सावलींत उघडावें. फांद्या पेन्सिलीएवढ्या जाड व हिरव्या असाव्यात. नखानें साल किंचित् खरवडली असतां आंत ओला हिरवा रंग दिसला पाहिजे. मुळें वांकविलीं तर वांकावीं, मोडूं नयेत. मग तीं बादलीभर पाण्यांत बुडवून ठेवावींत. कांहीं तास पुरतात, फार तर एक रात्र. अधिक ठेवल्यास मुळांचा श्वास कोंडतो. तुटलेलीं, चिरडलेलीं टोकें धारदार कात्रीनें छाटावींत. फांद्या वीतभर ते फूटभर ठेवून, बाहेरच्या बाजूस वळलेल्या डोळ्याच्या जरा वर तिरपा काप द्यावा, आणि उरलीं असतील तीं पानें काढून टाकावींत. हात धजत नाहीं, हें खरें. पण पान म्हणजे या घटकेस खर्च. खड्डा तयार नसेल तर रोपें सावलींत चर काढून मातीआड ठेवावींत. खड्डा मात्र रोपाआधीं तयार असावा, हेंच शहाणपणाचें.

जागा अशी निवडावी कीं जेथें दिवसाकांठीं पांचसहा तास ऊन असेल. खड्डा दीड फूट लांब, तितकाच रुंद व तितकाच खोल. उन्हाळ्यांत खणून तापूं दिला तर उत्तम. आमच्याकडे मुरूम लागतो व त्यांत पाणी ठरत नाहीं. म्हणून मीं तळ्याचा गाळ दोन घमेलीं आणून घातला. ज्यांची जमीन काळी चिकण आहे त्यांची अडचण उलटी. त्यांनीं मुरूम वा जाड वाळू मिसळून वाफा वीतभर उंच करावा, नाहीं तर मुळें कुजतात. एक परीक्षा प्रत्येकानें करावी. चिमूटभर माती बशींत घेऊन तींत लिंबाचा रस पिळावा. फसफसली तर मातींत चुनखडी आहे. अशा जमिनींत झाडाला लोह मिळेनासें होतें, व कोंवळीं पानें पिवळीं पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तेथें शेणखत सढळ हातानें घालावें व गाळ फसफसत नाहीं असा पाहून आणावा. शेणखत पुरतें कुजलेलें हवें. ताजें शेण मुळांस लागलें तर मुळें भाजतात आणि वर वाळवीस आमंत्रण मिळतें. मूठभर निंबोळी पेंड मातींत मिसळली तर वाळवीचा उपद्रव कमी होतो.

खड्ड्याच्या तळाशीं मातीचा लहान ढीग करावा, त्यावर रोप बसवून मुळें चहूंकडे उतरतीं पसरावींत, आणि माती हातानें सारीत भरावी. पोकळी राहिली तर तेथील मूळ वाळतें. म्हणून पायानें हलकेंच दाबून एक पूर्ण बादली पाणी सोडावें. आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. खोडाच्या बुंध्याशीं एक गांठ दिसेल. तेथें जंगली खुंटावर चांगल्या गुलाबाचा डोळा भरलेला असतो. मजजवळ एक इंग्रजी पुस्तक होतें. त्यांत ही गांठ दोन इंच मातीखालीं ठेवा, असें स्पष्ट लिहिलें होतें. मीं एक रोप तसें पुरलें. दुसऱ्याच्या खड्ड्यांत गाळ जास्त पडल्यामुळें गांठ आपोआप वर राहिली. त्या वर्षीं परतीचा पाऊस लांबला, आणि पुरलेलें रोप गांठीशींच कुजून गेलें. पुस्तक खोटें नव्हतें. जेथें जमीन बर्फानें गोठते तेथें गांठीस मातीचें पांघरूण हवेंच. आपल्याकडे ती मातीच्या दोन बोटें वर असावी. चाळीस वर्षें मुलांना भूगोल शिकवूनहि ही गोष्ट माझ्या ध्यानांत आली नाहीं!

पहिले पंधरा दिवस पश्चिमेच्या बाजूनें तुरकाट्यांवर गोणपाट टाकून सावली करावी. पाणी रोज शिंपडूं नये. बोट दोन पेरें मातींत घालून पाहावें. कोरडें लागलें तर भरपूर द्यावें. नवीं पानें पक्व होईपर्यंत, म्हणजे साधारण सहा आठवडे, कोणतेंहि वरखत घालूं नये. पहिल्या कळ्या खुडाव्यात. हें पाप आमच्या घरांत मलाच करावें लागलें, कारण त्या कळ्या यादवबाबांच्या मंदिरांत वाहावयाचें आधींच ठरलें होतें.

कुजलेल्या रोपाच्या जागीं मीं पारनेरहून आणलेली साध्या देशी गुलाबाची फांदी लावली. ती डोळा न भरतां आपल्याच मुळांवर उभी राहते, म्हणून तिचा धुमारा कोठूनहि आला तरी तो तिचाच. डोळा भरलेल्या गुलाबाचें तसें नाहीं. गांठीच्या खालून जोमदार धुमारा आला तर तो खुंटाचा. तो कापूं नये, माती उकरून मुळाशीं ओढून काढावा. सात पानांचा तो जंगली, ही समजूत भरंवशाची नाहीं. कोठून फुटला हेंच पाहावें. या खुंटांचीहि मौज आहे. एडवर्ड म्हणून जो खुंट आपल्याकडे वापरतात, त्याचें कूळ हिंदी महासागरांतील रियुनियन बेटाचें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तेथील कुंपणांत चिनी व दमास्क गुलाबांचा आपोआप संकर होऊन तें निपजलें. इंडिका नांवाचा दुसरा खुंट नांवानें हिंदी, पण मूळचा चीनचा.

आतां पाण्याचा हिशेब. मूळ धरल्यावर, बुंध्याशीं बाजरीच्या भुसाचा चार बोटें थर दिला तर हिंवाळ्यांत झाडास आठवड्यांतून दोनदां दहा लिटर पुरतात. दोन झाडांचे झाले चाळीस. आमच्या घरीं तांदूळ व भाज्या धुतलेलें पाणी रोज सुमारें सहा लिटर निघतें, म्हणजे आठवड्यास बेचाळीस. उन्हाळ्यांत मात्र तीन पाळ्या लागतात, तेव्हां साठ. अठरांची तूट येते. ती मी स्वतःच्या आंघोळींतून काढतों. हा कागद मीं शेजारच्या वृद्धांस वाचून दाखविला. आंकडे त्यांनीं बोटांवर पडताळून पाहिले, आणि मग एवढेंच विचारलें कीं साबणाचें पाणी तर घालीत नाहीं ना? घालीत नाहीं. डॉ. बी. पी. पाल यांचेंहि नांव मीं सांगितलें. तांबेऱ्यास दाद न देणाऱ्या गव्हाच्या जाती शोधणारा हा शास्त्रज्ञ १९६५ त भारतीय कृषि अनुसंधान परिषदेचा पहिला महासंचालक झाला, आणि त्यानेंच गुलाबाच्या कितीतरी नव्या जाती निर्माण केल्या. गव्हाच्या माणसाला गुलाब वर्ज्य नव्हता, हें ऐकून म्हातारबुवा कांहींसे विरघळले.

छाटणीविषयीं थोडक्यांत. एक वर्षाचें झाड कोजागिरीच्या सुमारास छाटावें. सहासात आठवड्यांनीं तें फुलतें. रोगट व आंत वळलेल्या फांद्या आधीं काढाव्यात. कापलेलें टोंक काळें पडून खालीं वाळत गेलें तर निरोगी भागापर्यंत कापून त्यावर बोर्डो मलम लावावें. थंडींत पानांवर भुरी दिसली तर दाटी कमी करावी, आणि पाणी सकाळीं, तेंहि मुळाशींच द्यावें.

यंदा छाटणी झाली त्या दिवशीं शेजारचे गृहस्थ पुन्हां कुंपणाशीं आले. देशी गुलाबाच्या छाटलेल्या काड्यांतून त्यांनीं एक वीतभर काडी निवडून घेतली, आणि ती आपल्या मोरीच्या पाण्याच्या वाटेवर, मात्र साबणाचें पाणी जेथें पोंचत नाहीं अशा बाजूस, खोंचली. तिला डोळे फुगले आहेत. पान अजून फुटावयाचें आहे.