बियाण्याला उजेड हवा की अंधार?

पावसाळा ओसरू लागला आणि हवेत थोडा कोरडेपणा आला, की इंदूर-ग्वाल्हेरपासून बेळगाव-हैदराबादपर्यंत बागेची हौस असणाऱ्या घरांतून एकच लगबग सुरू होते. हिवाळी फुलांसाठी वाफे खणले जातात, कुंड्या धुऊन नव्या मातीने भरल्या जातात आणि बियांच्या रंगीत पुड्या बाजारातून घरी येतात. बी मोठ्या आस्थेने पेरले जाते, त्यावर चांगली बोटभर माती ओढली जाते आणि सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी घातले जाते. झेंडू आणि झिनिया चार-सहा दिवसांत वर येतात. पिटुनियाचा वाफा मात्र पंधरा दिवस, तीन आठवडे लोटले तरी जसाच्या तसा राहतो. मग बी जुने निघाले, दुकानदाराने फसविले, असा निष्कर्ष काढून गृहस्थ मोकळा होतो.

हे नुकसान पुडीच्या किमतीपुरते नसते. या प्रदेशांत हिवाळा आधीच थोडा. ऑक्टोबरातील पेरणी वाया गेली आणि ती नोव्हेंबराच्या अखेरीस पुन्हा करावी लागली, तर झाडाला कळ्या धरण्याच्या सुमारास फाल्गुनातले ऊन तापू लागते आणि वर्षाचा फुलोरा हातचा जातो. म्हणून दोष कोणाचा हे नीट पाहणे अगत्याचे आहे. कधी बी खरोखरच जुने असते. परंतु पुष्कळदा ते निर्दोष असते. त्याला पाणी मिळालेले असते, ऊब मिळालेली असते, हवाही मिळालेली असते. मिळालेला नसतो तो उजेड. आणि तो बोटभर मातीने अडवून धरलेला असतो.

बी रुजण्यास ओलावा, हवा आणि योग्य उष्णता या तीन गोष्टी लागतात, असे शाळेच्या पुस्तकात शिकविले जाते. ते खरेच आहे. पण सर्व वनस्पतींच्या बाबतीत ते पुरेसे नाही. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ किन्झेल यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत नऊशेंहून अधिक जातींचे बी तपासून पाहिले, तेव्हा त्यांपैकी बहुसंख्य जातींना रुजताना उजेड उपकारक ठरतो असे त्यांना आढळले. काही जातींना तो अपायकारक ठरला आणि उरलेल्या थोड्या जातींना त्याचे सोयरसुतक नव्हते. शेतातील धान्ये आणि कडधान्ये ही बहुतेक अंधारातही सुखाने रुजणारी. माणसाने हजारो वर्षे जे बी मातीत पुरले आणि त्यातून जे उगवले तेच पुढे जपले, त्यामुळे अशी निवड आपोआपच होत गेली असावी. ‘बी पेरणे म्हणजे बी पुरणे’ ही समजूत याच पिकांनी रूढ केली.

बागेत लावल्या जाणाऱ्या वनस्पतींचेही असेच तीन गट पडतात. पिटुनिया, अँटिऱ्हायनम, बेगोनिया, कोलिअस, शोभेची तंबाखू आणि लेट्यूसचे पुष्कळ प्रकार यांना उजेड मानवतो. फ्लॉक्स, नायजेला आणि राजगिऱ्याच्या कुळातील काही शोभेच्या जाती यांना उजेडाची बाधा होते. पॅन्झी आणि व्हर्बिना यांचे बीही बागवान झाकूनच रुजवितात. झेंडू, टोमॅटो, मिरची यांना उजेड आणि अंधार यांची फारशी तमा नसते. अर्थात ही वाटणी कायद्याच्या कलमासारखी घट्ट नाही. एकाच फुलझाडाच्या दोन वाणांत, एकाच वाणाच्या ताज्या आणि जुन्या बियांत, थंड आणि उष्ण हवेत फरक पडतो. तथापि पेरणीच्या वेळी मार्ग दाखविण्यास ती पुरेशी आहे.

बियाला उजेडाची गरज का असावी? अन्न तयार करण्यासाठी ती नव्हे, कारण रुजण्यापूर्वी बियाला हिरवे पान नसते. याचे उत्तर बियाच्या आकारात सापडते. वालाच्या किंवा भोपळ्याच्या बियात अन्नाची मोठी शिदोरी असते. ते दोन बोटे खोल पडले तरी त्या शिदोरीच्या बळावर अंकुर माती फोडून वर येतो. पिटुनियाच्या बियांची गोष्ट निराळी. त्यांच्या एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या आसपास दाणे भरतात. बेगोनियाचे तर त्याहूनही कितीतरी अधिक. असा दाणा खोल पडून रुजला, तर अंकुर पृष्ठभागाशी पोहोचण्यापूर्वीच त्याची शिदोरी संपते आणि तो मातीतच मरतो. मातीत उजेड फार खोल जात नाही. बियाला कळण्याजोगा उजेड वरच्या चार-पाच मिलिमीटरांच्या थरातच काय तो पोहोचतो. म्हणून बियाच्या दृष्टीने उजेड म्हणजे पृष्ठभाग जवळ असल्याची खूण. ही खूण पटेपर्यंत ते थांबून राहते. जे बागवानाला हट्ट वाटते, ती त्या दाण्याची सावधगिरी असते.

उलट, ज्या बियांना उजेड बाधतो त्यांनाही आपल्यापुरते कारण आहे. कोरड्या, उन्हाळ मुलखात अगदी वर पडलेल्या बियाने एका सरीवर रुजण्याची घाई केली, तर दोन दिवसांच्या उन्हात कोवळे मूळ सुकून जाते. अशा ठिकाणी थोडे खोल, ओल टिकणाऱ्या थरात पोहोचल्यावरच रुजणे हिताचे. कलिंगडाच्या बियांतही उजेडाने रुजणे मंदावते असे आढळले आहे. आणि कलिंगडाचे मूळ स्थान आफ्रिकेच्या शुष्क प्रदेशात आहे, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

बी उजेड ओळखते कसे, याचा उलगडा अमेरिकेतील मेरिलँड राज्यात, बेल्ट्सव्हिल येथील शेती-संशोधन केंद्रात झाला. बॉर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांचे सहकारी यांनी लेट्यूसच्या ‘ग्रँड रॅपिड्स’ नावाच्या वाणावर केलेले प्रयोग १९५२ साली प्रसिद्ध झाले. भिजविलेले बी अंधारात ठेवले असता फारच थोडे रुजे. त्यावर मिनिटभर तांबडा उजेड पाडून ते पुन्हा अंधारात ठेवले, तर शंभरातले सुमारे सत्तर दाणे रुजत. परंतु त्या तांबड्या उजेडामागोमाग चार मिनिटे तांबड्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा ‘दूर-तांबडा’ उजेड पाडला, की रुजणाऱ्या दाण्यांची संख्या सहा-सातांवर येई. हे दोन उजेड आळीपाळीने कितीही वेळा दाखविले, तरी शेवटचा उजेड कोणता एवढ्यावरच निकाल लागे. बियात दिव्याच्या बटणासारखी उघडझाप करणारे एखादे द्रव्य असले पाहिजे, असा तर्क त्यावरून निघाला. १९५९ साली ते द्रव्य उपकरणाने प्रत्यक्ष पकडता आले आणि त्याला फायटोक्रोम हे नाव मिळाले.

दूर-तांबड्या उजेडाची ही गोष्ट प्रयोगशाळेपुरती नाही. हिरवे पान सूर्यप्रकाशातील तांबडा भाग शोषून घेते आणि दूर-तांबडा भाग बहुतांशी खाली जाऊ देते. त्यामुळे दाट झाडीखाली पडलेल्या बियाला जो उजेड पोहोचतो, तो ‘वर जागा अडलेली आहे’ असेच सांगत असतो. तेथे रुजून उपासमारीत वाढण्यापेक्षा वरचे झाड पडेपर्यंत थांबणे त्याला परवडते. कर्दळीच्या किंवा क्रोटनच्या गर्द सावलीत ठेवलेल्या परडीतील बारीक बी उघड्यावरच्या परडीतील बियापेक्षा कमी रुजले, तर त्याचे एक कारण हे असू शकते.

हे थांबणे किती काळ चालू शकते, याचा दाखला मिशिगन येथे मिळतो. विल्यम बील यांनी १८७९ साली एकवीस जातींचे बी ओलसर वाळूत मिसळून वीस बाटल्यांत भरले आणि त्या बाटल्या जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढून तिच्यातील बी रुजवून पाहायचे, अशी योजना होती. ती आजही चालू आहे. २०२१ साली, म्हणजे १४२ वर्षांनी, काढलेल्या बाटलीतील व्हर्बॅस्कम या रानटी फुलझाडाचे काही दाणे रुजले. ही बाटली मुद्दाम रात्रीच्या काळोखात उकरली गेली. कारण अवेळी पडलेला क्षणभराचा उजेडही बियांना जागे करू शकतो. नव्याने खणलेल्या वाफ्यात न पेरलेले तण का उगवते, हेही यावरून समजते. कुदळीने खालची माती वर येते आणि वर्षानुवर्षे अंधारात पडून राहिलेल्या बियांना उजेडाचा स्पर्श होतो. जर्मनीत १९९० साली रात्री नांगरट करून तण कमी होते काय, याचे प्रयोग प्रसिद्ध झाले. पहिला परिणाम आशादायक होता. पुढे मात्र तणाच्या जातीप्रमाणे फळ कमी-अधिक मिळते असे दिसून आले.

फायटोक्रोमचे नावही ज्याने ऐकलेले नाही, त्या शेतकऱ्याला यातील व्यवहार अनुभवाने ठाऊक असतो. निपाणीचा परिसर आणि गुजरातेतील चरोतर हे दोन्ही विडीच्या तंबाखूचे मुलूख. तंबाखूचे बी पिटुनियाच्या बियाइतकेच बारीक, आणि ही दोन्ही झाडे एकाच कुळातली. हे बी नुसते चिमटीत धरून सारखे पडत नाही, म्हणून ते वाळूत किंवा राखेत मिसळून गादीवाफ्यावर फोकतात. त्यावर मातीचा थर देत नाहीत. हलक्या हाताने दाबून ते मातीला चिकटवितात. घरच्या अंगणातही हेच पाहायला मिळते. वृंदावनातील तुळशीच्या मंजिऱ्या वाळून खाली झडतात, त्यांवर कोणी माती लोटत नाही, आणि पावसाळ्यात बुंध्याभोवती रोपांची दाटी होते.

मग बारीक बी नुसते वर भुरभुरले म्हणजे काम झाले काय? तसे नाही, खरी अडचण येथेच आहे. जेथे उजेड तेथे वारा आणि ऊन, आणि जेथे वारा-ऊन तेथे कोरडेपणा. रुजू लागलेले बी एकदा वाळले, की बहुधा पुन्हा उठत नाही. पृष्ठभागावर उजेड पोहोचू देणे आणि तोच पृष्ठभाग क्षणभरही सुकू न देणे, ही बारीक बियांच्या पेरणीतील सारी कला आहे.

ती साधण्याचे उपाय घरगुतीच आहेत. पसरट कुंडी किंवा परडी घ्यावी. पोयटा, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत बारीक चाळणीने चाळून तिच्यात भरावे आणि वरचा भाग फळीने सपाट करावा. पाणी आधी द्यावे, बी मागून टाकावे. कोरड्या बारीक वाळूत मिसळलेले बी सारखे विरळ पडेल असे भुरभुरावे. दाट पडले तर पुढे रोपे कोलमडण्याचा रोग फैलावतो. मग फळीने अलगद दाबावे, माती घालू नये. त्यानंतर वरून झारी धरल्यास बी वाहून एका कोपऱ्यात जमते किंवा मातीत गाडले जाते. म्हणून कुंडी पाण्याच्या परातीत ठेवावी आणि वरची माती ओलसर दिसू लागताच बाहेर काढावी. कुंडीवर काच किंवा पारदर्शक प्लॅस्टिक ठेवून ती उजेडाच्या, पण थेट ऊन न लागणाऱ्या जागी ठेवावी. उजेड म्हणजे ऊन नव्हे. ओसरीवरचा मंद उजेडही या बियांना पुरतो. अंकुर दिसताच काच थोडी-थोडी सरकवून हवा द्यावी आणि रोपे हळूहळू उन्हाला सरावू द्यावीत.

फ्लॉक्स किंवा नायजेला यांचे बी मात्र त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट मातीने नीट झाकावे. कुंडीवर गोणपाट टाकले तरी चालते. पण अंकुर दिसताच ते त्याच दिवशी काढले पाहिजे. एक-दोन दिवसांची हयगय झाली तरी रोपे पांढुरकी आणि लांबुळकी होऊन माना टाकतात.

उष्णतेचाही येथे संबंध येतो. ज्या लेट्यूसला उबदार हवेत उजेडावाचून रुजता येत नाही, ते थंड हवेत अंधारातही बरेचसे रुजते. आणि हवा फार तापली की उजेड असूनही रुजत नाही. म्हणून सप्टेंबरच्या उकाड्यात न उगवलेले बी फेकून देण्यापूर्वी थंडी पडेपर्यंत थांबून पाहणे शहाणपणाचे ठरते.

पुडीवर सूचना नसेल, किंवा ती वाचता येत नसेल, तर परीक्षा घरीच घेता येते. दोन बशांत टीपकागद अंथरून प्रत्येकीत पन्नास-पन्नास दाणे ठेवावेत आणि कागद भिजवावेत. एक बशी खिडकीपाशी ठेवून काचेने झाकावी. दुसरी पाणी घालताच टिनच्या डब्यात बंद करून पहिलीजवळच ठेवावी, म्हणजे उष्णता दोघींना सारखी मिळेल. डबा मधून मधून उघडून पाहण्याचा मोह आवरला पाहिजे, कारण डोकावण्यापुरता उजेडही भिजलेल्या बियांना पुरेसा होतो आणि परीक्षा फसते. बारा-पंधरा दिवसांनी दोन्हीकडचे अंकुर मोजावेत. दोन्ही बशा रित्या राहिल्या, तर बियांविषयी किंवा हवेच्या उष्णतेविषयी शंका घ्यावी. एका बशीत पुष्कळ आणि दुसरीत थोडे अंकुर दिसले, तर दुकानदार निर्दोष आहे, आणि उरलेले बी कसे पेरावे याचे उत्तर हाती आले आहे, असे समजावे.