गुण आणि पात्रता



दहावी-बारावीनंतर प्रवेश कोठे व कसा घ्यावा, हा आजचा विषय. त्यावर बोलण्यास एखादे प्राचार्य अधिक शोभले असते. आमचे शाळेतील शिक्षण फारसे झाले नाही. आधी यंत्रावर आणि पुढे संघटनेच्या कचेरीत जे वाचावे लागले तेवढीच आमची विद्या. परंतु करारनामा वाचणे आणि प्रवेशपुस्तिका वाचणे यांत आम्हांला मोठासा भेद दिसत नाही. करारात पगारवाढीचा आकडा सगळे वाचतात. ती वाढ कोणाला लागू, हे सांगणारे कलम थोडेच वाचतात. प्रवेशाचेही तसेच आहे. गुणांची चर्चा घरोघर चालते. पात्रतेची अट मात्र प्रवेश नाकारला गेल्यावर कळते. गुण कमी पडले तर दुसरे महाविद्यालय मिळते; पात्रताच नसेल तर त्या वाटेवरचे एकही दार उघडत नाही. म्हणून आज आम्ही गुणांविषयी थोडे आणि पात्रतेविषयी अधिक बोलणार आहोत.

आपल्या गावाचीच गोष्ट घ्या. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. आकुर्डीच्या माळावर कारखाने आले. त्या पिढीतला दहावी होऊन आयटीआय केलेला मुलगा कारखान्यात कायम होई आणि त्याच पगारावर घर बांधी, बहिणींची लग्ने करी. २००७ साली आकुर्डीतील बजाज ऑटोच्या कारखान्यात गाड्यांचे उत्पादन थांबले. आज एकाच यंत्रावर कायम कामगार, कंत्राटी कामगार आणि शिकाऊ उमेदवार शेजारी शेजारी उभे असतात, आणि तिघांची पाकिटे निरनिराळी असतात. अशा काळात शिक्षणाची निवड करताना एक प्रश्न प्रत्येक वळणावर विचारावा : या अभ्यासक्रमानंतर पुढची वाट मोकळी राहते की बंद होते?

थोडे गणित करू. दहावीनंतर अकरावी-बारावी विज्ञानाची दोन वर्षे आणि अभियांत्रिकी पदवीची चार, मिळून सहा वर्षे. दहावीनंतर पॉलिटेक्निकची पदविका तीन वर्षे आणि मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन आणखी तीन, मिळून पुन्हा सहाच. पदविकेच्या वाटेने जाणाऱ्याला राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागत नाही. पदविकेच्या गुणांवर त्याचा क्रम लागतो. तिसरी वाट आयटीआयची. दोन वर्षांचा व्यवसाय पुरा केला की पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येते : दोन, दोन आणि तीन मिळून सात वर्षे. एक वर्ष अधिक लागते हे खरे; पण दर मुक्कामाला हातात एक प्रमाणपत्र पडते. बापाची नोकरी सुटली, घरात आजारपण आले, तर तेथे थांबून चार पैसे मिळवता येतात आणि पुन्हा चालू लागता येते. कामगाराच्या घराला याचे मोल फार आहे.

यातही एक बारीक कलम आहे. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे व्यवसाय दोन वर्षांचे. वेल्डर एका वर्षाचा. ‘वर्षभरात मोकळा होईल’ म्हणून वेल्डरला घातलेल्या मुलाला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाचा हा मार्ग मिळत नाही. त्याला दहावीच्या बळावर पहिल्या वर्षापासून आरंभ करावा लागतो. वेल्डिंगचे काम हलके आहे असे आम्ही म्हणत नाही. कुशल वेल्डरला मागणी आहे. पण निवड करताना हे ठाऊक असावे.

अकरावीतही असेच. पुष्कळ मुले गणिताच्या धाकाने जीवशास्त्र घेतात आणि गणित सोडतात. आजच्या नियमांप्रमाणे अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित लागते, सामाईक परीक्षा लागते आणि विहित विषयांत किमान ४५ टक्के, राज्यातील राखीव प्रवर्गांना ४० टक्के लागतात. वैद्यकीय शाखेला जीवशास्त्र आणि नीट परीक्षा लागते. पंधराव्या वर्षी विषय सोडणे म्हणजे अठराव्या वर्षीचे एक दार लावून घेणे होय. विचार करून लावले तर हरकत नाही. नकळत लागता कामा नये. आणि हे नियम दरवर्षी बदलू शकतात. शेजारच्या मुलाला गेल्या साली जे चालले ते यंदा चालेलच असे नाही. त्या त्या वर्षाची पुस्तिका वाचा.

आता कागदांविषयी. आपल्या वस्तीत लातूर, बीड, बुलढाणा, जळगावहून आलेली घरे हजारोंनी आहेत. मुलाचा जन्म येथला, शाळा येथली. पण जातीचा पुरावा आजोबांच्या गावच्या शाळेच्या दाखल्यात अडकलेला. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचे वास्तव्य व नोंद पाहिली जाते. तो जुना उतारा जुलै महिन्यात, कामावर रजा नसताना, एका दिवसात मिळत नाही. त्यानंतर जातवैधता प्रमाणपत्र. तेही समितीपुढे वेळ घेते. म्हणून आमचे सांगणे असे की, मुलगी अकरावीत गेली की त्याच दिवाळीत गावी जाऊन उतारे काढावेत. अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर हे कागद तपासून, त्यांची मुदत पाहून, एका पिशवीत ठेवावेत. आणि आधार कार्डावर, दहावीच्या गुणपत्रिकेवर व दाखल्यावर नाव एकच आहे ना, हेही पाहावे.

फीविषयी एक गोष्ट प्रत्येक आईबापाने गाठीस बांधावी. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे त्या कुटुंबातील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ झाले. पण ही सवलत शासनाच्या केंद्रीय प्रवेशफेरीतून प्रवेश घेणारीला आहे. फेरीची वाट न पाहता घाईने व्यवस्थापन कोट्यातील जागा घेतली, तर सवलतीचा हक्क तेथेच संपतो. घाई घालणारा दलाल हे सांगत नाही. देणगी मागणाऱ्याला तर हेही सांगावे की, महाराष्ट्रात १९८७ पासून कॅपिटेशन फी घेणे हा कायद्याने गुन्हा आहे.

पसंतीक्रम भरतानाही सावध असावे. पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती घ्यावी लागते; मग ‘पुढच्या फेरीत याहून बरे पाहू’ असे चालत नाही. म्हणून जेथे जायचेच नाही त्या महाविद्यालयाचे नाव मित्राने लिहिले म्हणून वर लिहू नये.

दोन शब्द शिकाऊ उमेदवारीविषयी, कारण आमच्याकडे याच्या तक्रारी फार येतात. १९६१ च्या कायद्याखाली नोंदलेली शिकाऊ उमेदवारी ही चांगली गोष्ट आहे. तिचा करार होतो, विद्यावेतन ठरलेले असते, शेवटी परीक्षा व राष्ट्रीय प्रमाणपत्र असते. मात्र त्या कायद्याच्या दृष्टीने शिकाऊ हा कामगार नव्हे, आणि त्याला पुढे नोकरी दिलीच पाहिजे असे बंधन मालकावर नाही. हे जाणून शिकावे. पण नुसत्या ‘ट्रेनी’ या शब्दाला भुलू नये. ज्या प्रशिक्षणाचा नोंदणीकृत करार नाही, ज्याच्या शेवटी प्रमाणपत्र नाही, ते शिक्षण नव्हे. ती स्वस्त मजुरी होय. तसेच तंत्रशिक्षणाच्या संस्थेची मान्यता, आणि विद्यापीठ असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीतील नाव, स्वतः पाहून मगच पैसे भरावेत. बनावट विद्यापीठांची यादी आयोग स्वतःच प्रसिद्ध करतो.

कोणी म्हणेल, एवढे सगळे दिवसभर पाळी करून आलेल्या बापाने कसे वाचावे? प्रश्न रास्त आहे. एकट्याने वाचू नये, हेच त्याचे उत्तर. कराराचा मसुदा आम्ही गेटवर सर्वांना वाचून दाखवतो; तसे प्रत्येक मंडळाने, वाचनालयाने, संघटनेच्या कचेरीने मे-जूनमध्ये दोन संध्याकाळी प्रवेशपुस्तिका मोठ्याने वाचावी. ज्या मुलाने गेल्या साली पदविकेतून पदवीला प्रवेश घेतला त्याने यंदाच्या मुलांजवळ बसावे. तुकोबांची पालखी देहूहून निघून आपल्या आकुर्डीत मुक्कामाला येते ते दिवस आणि प्रवेशअर्जांचे दिवस बहुधा एकच असतात. वारकऱ्यांना पाणी द्यायला, भाकरी वाढायला आपली वस्ती कमी पडत नाही. तेवढ्याच आस्थेने शेजारच्या मुलीचा अर्ज तपासायला एक तास द्यावा.

हुशारीचा वाटा निसर्गाने सर्व वस्त्यांना सारखा दिला आहे असे आम्ही मानतो. माहितीचा वाटा मात्र सारखा नाही, आणि तो सारखा करणे आपल्या हातात आहे. एवढे बोलून आम्ही रजा घेतो. ज्यांना आपला कागद दाखवायचा आहे त्यांच्यासाठी सभा संपल्यावर आम्ही येथेच थांबणार आहोत.